अर्थ क्रमांक चौदा

पोटच्या पोरानं आईच्या तोंडाचा फोटो काढावा, तो दुकानात नेऊन फूटभर मोठा करून लॅमिनेशन मारून आणावा, कपाळावरच्या सुरकुत्यांकडं लाल बाण काढावेत आणि खाली 'अर्थ क्रमांक चौदा' असं लिहून थर्माकोलवर चिकटवावा, ह्याला काय म्हणावं ते जिवनबाईला समजत नव्हतं. समजत नव्हतं म्हणजे, शब्द पुष्कळ होते. पण लेकरांसमोर काढण्यासारखा त्यात एकही नव्हता.

फोटो काढताना विकास आईला नुसतं म्हणाला होता, याडी, कपाळ जरा वर कर. आईची एखादी चांगली तसबीर घरात असावी असं पोराला वाटलं असेल, असं समजून ती आत गेली, तोंड धुतलं, केसांना तेलाचं बोट लावलं, ठेवणीतली टुकरी, भरतकामाची ओढणी, डोक्यावर घेतली आणि मग खुर्चीवर ताठ बसली. चार दिवसांनी कळलं की इंग्रजीत 'लाईन' म्हणून एक शब्द आहे, तोंडावरची सुरकुती हाही त्याचा एक अर्थ होतो, आणि सुरकुत्यांसाठी सबंध शिक्षक कॉलनीत विकासला दुसरं तोंड सापडलं नव्हतं. शेजारच्या राधाकृष्णरावांच्या कपाळावर बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, त्या ह्याला दिसत नव्हत्या काय?

खरं म्हणजे हा शब्द विकासचा नव्हताच. तो शितलचा होता. शितल सातवीत. तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येक पोराला चिठ्ठी उचलायला लावली आणि ज्याला जो इंग्रजी शब्द आला त्यानं त्या शब्दाचे अर्थ शोधायचे, तो शब्द आला कुठून ते शोधायचं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी शाळेत प्रदर्शन भरेल तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, असं ठरवून दिलं. शितलला 'लाईन' आला. तिनं शाळेतून आल्याबरोबर पाच अर्थ लिहून काढले: प्रार्थनेची लाईन, वहीतली लाईन, रेल्वेची, लाइटची आणि फोनची. मग पोरीनं एक चूक केली. तिनं ती वही तपासायला म्हणून बापाकडं दिली.

विकास पुसेगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. वही घेतली, पाहिली, 'पाचच?' असं म्हणाला, आणि ती वही पुन्हा शितलच्या हातात आलीच नाही.

आदल्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हा पवनचक्की होती. विकासनं ती इतकी झोकात बनवली की परीक्षक दोन वेळा पाहायला आले. त्यांनी शितलला विचारलं, बाळ, ही फिरते कशानं? शितलनं तोंड उघडलं, पण उत्तर पडद्यामागून आलं, बापाच्या आवाजात, चार नियम आणि एका सूत्रासकट. त्या दिवसापासून वर्गातल्या पोरी शितलला साधं किती वाजले विचारायचं तरी म्हणायच्या, पप्पांना विचारून सांग. पोरगी ऐकून घ्यायची. आणि ह्या वर्षी मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की ज्याचा प्रकल्प तोच बोलेल; बोलता आलं नाही तर मागं ताजमहाल उभा केला तरी नंबर नाही.

तुरीच्या शेंगा सोलताना शितल आजीला हळूच म्हणाली, "दादी, परदर्शनाच्या दिवशी माझं पोट दुखणार हाय."

"किती वाजता?" जिवनबाईनं विचारलं.

"सकाळी आठपासून."

शेंगा सोलायचा जिवनबाईचा हात थांबला, आणि तो हात सहसा थांबत नसे.

इकडं विकासचे अर्थ वाढत चालले होते. त्याला ह्या कामात राधाकृष्णरावांची साथ मिळाली होती. राधाकृष्णराव म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्याकडं वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला, उशीएवढा इंग्रजी शब्दकोश होता. नोकरीत असताना साहेबांच्या शेऱ्यांचे अर्थ ते त्यात पाहायचे. निवृत्त झाल्यावर शेरेच बंद झाले आणि शब्दकोश नुसता पडून होता. ते रोज सकाळी चहाच्या वेळेला तो दोन्ही हातांनी छातीशी धरून यायचे, जसं काही लेकरूच आणलंय. मग दोघं गडी बसायचे. पोलीस लाईन, पाइपलाइन, नाटकातली लाईन, सरहद्दीची लाईन, पोरगं कोणत्या लायनीला लागलं ती लाईन, हातावरची लाईन, घराण्याची लाईन. सतरावा अर्थ सांगायच्या आधी राधाकृष्णरावांनी शितलला पाणी आणायला पाठवलं. ती येईपर्यंत दोघं माना खाली घालून हसत होते आणि वहीत त्या अर्थापुढं 'संकीर्ण' असं लिहिलं होतं. तो अर्थ सातवीतल्या पोरी ह्या दोघांना शिकवतील हे जिवनबाईला ठाऊक होतं, पण म्हाताऱ्या माणसाची एवढी मेहनत वाया कशाला घालवावी, म्हणून ती गप्प बसली.

अर्थ नुसते लिहून विकासचं समाधान होईना. त्याला प्रत्येक अर्थाची वस्तू पाहिजे होती. त्याचा चुलतभाऊ भावसिंग वीज खात्यात लाईनमन होता. त्यानं तारेचा तुकडा आणि खांबावरची पांढरी चिनीमातीची गोटी आणून दिली. भावसिंगनंच सुचवलं की बोर्डावर बावीस बल्ब लावू, बटन दाबलं की त्या त्या अर्थाचा बल्ब पेटेल. मग बोर्ड मोठा करावा लागला. आठ फूट लांब आणि आठ फूट उंच असं थर्माकोलचं ते धूड समोरच्या खोलीत उभं राहिलं आणि सोफा बाहेर व्हरांड्यात आला. सून मिना बिचारी पाहुण्यांना सांगायची, या, बाहेरच बसा, आत शब्द आहे.

रेल्वेची वस्तू मात्र मिळेना. त्या वर्षी हिंगोलीची छोटी लाईन उखडून मोठी टाकायचं काम चालू होतं, स्टेशनाच्या पलीकडं जुन्या लोखंडाचे ढीग पडले होते. विकास शाळेतून येताना तिकडं वळला, गंजका एक खिळा उचलला आणि स्कूटरच्या डिक्कीत टाकला. राखणदारानं स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि विचारलं, मास्टरजी, ये क्या है? आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की चुकलं. विकास म्हणाला, अर्थ क्रमांक तीन.

राखणदारानं आयुष्यात चोर पुष्कळ पाहिले होते, पण मालाला नंबर देऊन चोरणारा पाहिला नव्हता. त्यानं ह्याला बाकड्यावर बसवून ठेवलं. तीन तास. शेवटी राधाकृष्णराव गेले, आणि मोकळ्या हातानं गेले नाहीत. 'विषय : शैक्षणिक प्रयोजनार्थ रुळाचा एक जुना खिळा तात्पुरता वापरास मिळणेबाबत. संदर्भ : आजचीच प्रत्यक्ष चर्चा.' राखणदाराला मराठी वाचता येत नव्हतं. पण एवढ्या सुबक अक्षरात कुणी काही लिहून आणलं म्हणजे पुढं आपल्यालाच उत्तर लिहावं लागणार हे त्यानं ओळखलं, आणि खिळा ठेवून घेऊन माणूस सोडून दिला. त्या दिवशी विकास भिंतीकडं तोंड करून जेवला. जिवनबाईनं त्याला एवढंच ऐकवलं की ह्याच रेल्वेपायी आपल्या वाडवडलांची बैलांवरून माल न्यायची लदेणी बुडाली, तेव्हा तिच्या वाटेला जायचं काय नडलं होतं. त्यानं भाकरी मागितली नाही, तिनं वाढायची सोडली नाही.

आणि मग त्या रविवारी तो शब्द आला कुठून ते निघालं.

राधाकृष्णराव चष्मा कपाळावर सरकवून, शब्दकोशाला नाक लावून, अगदी शेवटची बारीक अक्षरं वाचत होते. वाचता वाचता थांबले. हे छापणाऱ्यानं घोळ केलेला दिसतो, म्हणाले. विकासनं विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणे हा शब्द लॅटिन भाषेतून आला, आणि त्याचं मूळ आहे जवस.

"कोणतं जवस?" जिवनबाईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"जवस हो, जिवनबाई. चटणीचं जवस."

पुस्तकाचं म्हणणं असं होतं की फार जुन्या काळी तिकडचे लोक जवसाच्या काडाचा धागा काढायचे. तो धागा ताणला की सरळ. म्हणून जे जे सरळ ते ते त्या धाग्याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. दोघं गडी हसले. विकास म्हणाला, धागा म्हटला की कापूस. जवसाचा कुठं धागा असतो? आणि त्यानं बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं बल्ब नव्हता तिथं, बारीक अक्षरात लिहून टाकलं: उगम, लॅटिन. जवसाचं नावही घेतलं नाही.

"जवसाचं तुला काय ठावं?" जिवनबाई म्हणाली. "तू जवस भाकरीसंगं पाह्यलं, शेतात न्हाई."

खरं सांगायचं तर जवसाचा धागा तिनंही कधी पाहिला नव्हता. पण अंबाडीचा पाहिला होता. पाहिला कसला, मैलोगणती काढला होता. लग्न होऊन ती तांड्यात आली तेव्हा बैलांवरची लदेणी बंद होऊन जमाना झाला होता, तरी सासूच्या हातातलं काम गेलं नव्हतं. अंबाडीची काडं नाल्यात कुजवायची, सोलून वाख, म्हणजे आतला धागा, काढायचा, मांडीवर पीळ देऊन दोरी वळायची. सासू म्हणायची, बैलाच्या पाठीवरची गोणी ज्या दोरीनं शिवतात ती बाईच्या मांडीवर तयार होते. दोरी तुटली तर गोणीतलं मीठ मातीत. जिवनबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली, तिथलं सगळं विसरली. पण मांडीवरचा पीळ तिच्या तळव्याला अजून पाठ होता.

सगळे उठून गेल्यावर शितल तिच्याजवळ सरकली. शब्द घरात आल्यापासून पोरीनं त्याच्याबद्दल विचारलेला हा पहिला सवाल होता.

"दादी, निघत असंल का खरंच?"

"पाण्यात घालून पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

तिनं पुसेगावच्या तांड्यावर पुतण्याला, थावराला, निरोप धाडला. थावराच्या शेतात हरभऱ्याच्या कडेला जवसाची चार तासं पेरलेली होती. त्यानं पिवळी पडत आलेली काडं मुळासकट उपटून दोन पेंढ्या बांधल्या आणि एसटीनं घेऊन आला. कंडक्टरनं चाऱ्याचं तिकीट मागितलं. हा म्हणाला चारा न्हाई, चुलतीचं औषध हाय. दोन पेंढ्यांचं औषध घेणारी चुलती केवढी असेल ह्या विचारात कंडक्टरनं पुढं विचारलंच नाही.

गच्चीवर सिमेंटचा जुना हौद होता. काळी प्लास्टिकची टाकी बसवल्यापासून त्यात कुणी डोकावत नव्हतं. आजी-नातीनं त्यात पाणी भरलं, पेंढ्या बुडवल्या, वर दगड ठेवले, आणि खाली येऊन कुणाला काही सांगितलं नाही. का सांगावं? बाकीचे काय तिला विचारून फोटो चिकटवत होते?

आता इथं जिवनबाईची एक चूक झाली, हे मान्य केलं पाहिजे. तिनं स्वतः ते कधी मान्य केलं नाही ही गोष्ट वेगळी. तांड्यात अंबाडी भिजायची ती नाल्यात, नाला तांड्यापासून लांब, आणि वारा पलीकडच्या गावाकडं जाणारा. कुजणाऱ्या काडाला वास येतो एवढं तिला आठवत होतं. किती येतो ते ठाऊकच नव्हतं, कारण तो वास आजवर नेहमी दुसऱ्यांच्या गावाला जात आला होता.

चौथ्या दिवशी मिनानं गॅसच्या सिलिंडरमागं मेलेला उंदीर शोधला. पाचव्या दिवशी सगळं स्वयंपाकघर अंगणात मांडून शोधला. विकासला वाटलं बोर्डाचा डिंक सडला; त्यानं डिंकाची एकेक बाटली उघडून हुंगली आणि दुपारभर डोकं धरून बसला. सहाव्या दिवशी राधाकृष्णराव नाकाला रुमाल लावून आले आणि त्यांनी निदान केलं: ड्रेनेज लाईन फुटली.

राधाकृष्णराव कॉलनी सुधार मंडळाचे सचिव होते. मंडळात काम करणारे तेच एक होते, पण म्हणून त्यांनी पद्धत सोडली नव्हती. तक्रार लेखी पाहिजे, म्हणून त्यांनी स्वतः तक्रार लिहिली. ती स्वतःकडं दिली. तिच्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारून तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी सचिव ह्या नात्यानं पाहणीला आले, तर वारा फिरलेला. त्यांनी वहीत नोंद केली: 'वास आढळून आला नाही.' म्हणजे सचिवांनी तक्रारदाराला खोटं पाडलं. तक्रारदार चिडला आणि त्यानं पुन्हा अर्ज केला. जिवनबाई व्हरांड्यात बसून हे सगळं पाहत होती. त्यांचा रागसुद्धा खरा होता आणि शिक्कासुद्धा खरा होता. एकाच माणसानं दोन्ही सांभाळायचं म्हणजे केवढी तकलीफ.

दुसऱ्या पाहणीत वास आढळला. इतका आढळला की राधाकृष्णरावांनी अध्यक्षांच्या सहीची वाट न पाहता दोन मजूर लावले. अध्यक्ष नांदेडला मुलाकडं गेले होते. मजुरांनी राधाकृष्णरावांच्या फाटकापासून राठोडांच्या, म्हणजे विकासच्या, फाटकापर्यंत कमरेइतका खड्डा खणला. ड्रेनेजची लाईन सापडली. ती इतकी धडधाकट आणि कोरडी होती की बघणाऱ्याला तिथं बसून जेवावंसं वाटावं. तेवढ्यात कुदळ पलीकडच्या पाइपाला लागली आणि चार दिवसांनी एकदा येणारं नळाचं पाणी कारंज्यासारखं उडालं. पाइपाला रबराच्या पट्ट्या बांधल्या. पण खड्डा बुजवायचा ठराव अध्यक्षांच्या सहीशिवाय होईना, आणि सगळी कॉलनी एका फळीवरून ये-जा करू लागली.

शितलचं तोंड एवढंसं झालं होतं. दादी, सांगून टाकू का, म्हणाली. जिवनबाईनं रोज पहाटेसारखी एक काडी हौदातून काढली आणि वाकवली. अजून न्हाई, म्हणाली. तिला खड्ड्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण काड अर्धवट कुजलेलं बाहेर काढलं की वाख तुटतो, आणि खड्डा काय, नंतरही बुजतो.

दहाव्या दिवशी काडी वाकवल्याबरोबर साल सुटली. आतून निघाले ते धागे फिक्कट, रेशमासारखे बारीक. अंबाडीपेक्षा कितीतरी मऊ. जिवनबाईनं ते बोटावर गुंडाळून ताणून पाहिले. मग म्हणाली, पुस्तक खोटं बोललं न्हाई.

पेंढ्या गच्चीवर उन्हात वाळल्या, वास मेला. राधाकृष्णरावांनी वहीत लिहिलं: 'मंडळाच्या तातडीच्या कारवाईमुळे दुर्गंधी आटोक्यात.'

मग गच्चीवर शितलची शाळा भरली. धोपाटण्यानं काडं कुटायची, भुसा झाडायचा, जुन्या फणीनं वाख विंचरायचा, आणि मग मांडीवर पीळ. पहिल्या दिवशी पोरीची मांडी लाल झाली आणि हातात आला तो गुंता. दुसऱ्या दिवशी वीतभर दोरी झाली आणि तुटली. जिवनबाई तिच्या हातातून काही घेत नव्हती; नुसती समोर बसून, पोरीचा हात चालू असताना, पुन्हा पुन्हा विचारायची, आता काय करून राह्यली ते सांग. हे कशाला? ते काहून? शितल सांगायची. अडली की आजी म्हणायची, मला न्हाई समजलं, परत सांग. दुसरी नापास झालेल्या बाईला समजलं म्हणजे साहेबाला समजलंच पाहिजे, असा तिचा हिशेब होता. पाचव्या दिवशी तीन हात दोरी झाली आणि शितल न थांबता, हात न थांबवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलली. नंतर दोघींनी गूळ-शेंगदाणे खाल्ले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी साडेसातला असं लक्षात आलं की बोर्ड दारातून बाहेर जात नाही.

तो आत तयार झाला होता, आणि आत असताना तो कधी बाहेर जाणार आहे ह्याचा विचार बावीस अर्थांच्या गडबडीत कुणी केला नव्हता. आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. राधाकृष्णरावांनी चौकट काढायचा पर्याय सुचवला. शेवटी भावसिंगनं करवतीनं बोर्ड मधोमध कापला; अकरा अर्थ इकडं, अकरा तिकडं, मधल्या तारा तुटलेल्या. पहिला अर्धा घेऊन विकास पुढं आणि भावसिंग मागं असे निघाले. दुसरा अर्धा त्यांनी त्याच्यावरच ठेवला होता, एका खेपेत व्हावं म्हणून. फळीवर पाय पडले तेव्हा राधाकृष्णराव समोरून मार्गदर्शन करत होते. डावीकडं घ्या, म्हणाले. विकासनं आपल्या डावीकडं घेतलं, भावसिंगनं राधाकृष्णरावांच्या.

खड्ड्यात पट्टी सुटलेल्या पाइपाचं गुडघाभर पाणी होतं. थर्माकोल बुडत नाही, पण कागद भिजतात, शाई विरघळते आणि बल्ब फुटतात. बावीसपैकी एकवीस अर्थ एकमेकांत मिसळून निळे झाले. फक्त एक कागद चकचकीत कोरडा, पाठीवर पोहावा तसा तरंगत होता, आणि त्यातून जिवनबाई कपाळ वर करून आभाळाकडं बघत होती.

विकास पायरीवर बसला. चिखलानं भरलेले हात गुडघ्यावर ठेवून खड्ड्याकडं बघू लागला. त्याचा चेहरा पाहून जिवनबाईलाही क्षणभर कसंसंच झालं. महिनाभर पोरगं धड झोपलं नव्हतं. मग तो शितलला म्हणाला, "आज शाळेत जाऊ नकोस. पोट दुखतंय म्हणून मी चिठ्ठी लिहून देतो."

शितलनं आजीकडं पाहिलं. मग बापाकडं.

"माझं पोट दुखत न्हाई, पप्पा."

ती आत गेली, एक पिशवी घेऊन बाहेर आली आणि फळीवरून पलीकडं गेली. जिवनबाई तिच्यामागं. ऑटो निघता निघता विकास, तसाच चिखलाचा, पुढच्या सीटवर चढला.

शितलच्या टेबलावर बोर्ड नव्हता. एक पांढरा कागद, जवसाच्या चार काड्या, वाटीत कालवलेली गेरू आणि हातात वाख. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलंच, पप्पा कुठंयत तुझे? शितलनं ऐकून घेतलं. परीक्षक आले, कुठल्याशा कॉलेजातले वयस्क सर होते. त्यांनी टेबलाकडं पाहिलं आणि विचारलं, तुझा शब्द लाईन ना? मग हे काय?

मागं उभ्या असलेल्या विकासचं तोंड उघडलं. जिवनबाईनं पायातल्या चांदीच्या वाळ्यासकट टाच त्याच्या पायावर ठेवली आणि तशीच राहू दिली.

शितलनं खाली बसून मांडीवर वाख घेतला, पीळ द्यायला लागली, आणि हात चालू झाला तशी जीभही चालू झाली. हे जवस. ह्याची चटणी करतात. ह्याच्या काडाचा हा धागा. त्या लोकांच्या भाषेत जवसाच्या धाग्याचं जे नाव, तोच हा शब्द. उठून तिनं दोरी गेरूत बुडवली, एक टोक मॅडमच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, कागदावर ताणून मधोमध उचलून सोडली. टण्ण. कागदावर लालभडक, सरळ रेघ. ही पहिली लाईन, म्हणाली. प्रार्थनेची, रेल्वेची, लाइटची, सगळ्या हिच्या मागून आल्या.

सर खाली वाकून कागदाकडं पाहत राहिले. आणखी किती अर्थ शोधलेस, त्यांनी विचारलं.

"माझे पाच हायेत. बाकीचे पप्पांचे, ते खड्ड्यात हायेत."

सगळे हसले. विकाससुद्धा हसला, पायावर टाच असताना माणूस जेवढा हसू शकतो तेवढा. मग सरांनी विचारलं की धागा काढला कसा, आणि शितलनं जसं आजीला सांगायची तसं एकही पायरी न गाळता सांगितलं: दहा दिवस काडं कुजवली, आमच्याच गच्चीवरच्या हौदात, फार वास येतो. मागाहून येऊन गर्दीत कौतुकानं मान डोलावत असलेल्या राधाकृष्णरावांची मान डोलता डोलता मधेच थांबली.

शितलचा दुसरा नंबर आला. पहिला आला तो 'वॉटर' शब्दाचा. त्याच्यामागं खरं कारंजं होतं आणि कारंज्यामागं त्या मुलाची आई. पण मॅडमनी शितलची दोरी मागून घेतली आणि वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला टांगली. आणि ज्या पोरीनं पप्पा कुठंयत विचारलं होतं तिनं दोरी कशी वळायची ते विचारलं. शितल म्हणाली, दादीला विचारून सांगते.

घरी आल्यावर मिनानं चहा ठेवला. सोफा आत आला. विकास पाय चोळत बसला होता, आणि डोक्यात एकेक गोष्ट जुळवत होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. वास हौदाचा. वासापायी खड्डा. खड्ड्यापायी बोर्ड. शेवटी त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "याडी, म्हंजे सगळं तुझ्यामुळं झालं."

जिवनबाईनं बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली आणि त्याला सांगितलं:

"विकास, तू बावीस अर्थ गोळा केले, ते बावीसच्या बावीस दुसऱ्याचे. पोरीनं एक वळला, तो तिचा हाय. पुढच्या साली तिनं मागितलं तर पाणी आणून द्यायचं, तेवढंच तुझं काम. आता बाह्या वर कर आन् गच्चीवर जाऊन तो हौद घासून काढ. राधाकृष्णरावांना संगं घे. अर्ज लागत न्हाई म्हणावं. आन् खड्ड्यातून माझा फोटो काढून आण, चौकटीत घाल, ह्या भिंतीला लाव. त्याच्याखालचा नंबर तेवढा खोड."